मामांच्या पैठणीचा रंग फोनवर भलताच दिसतोय, मॉनिटर कॅलिब्रेट कसा करू?

बांगडीमोर
नमस्कार मंडळी, जरा लांबण लागणार आहे, सांभाळून घ्या. मी नाशिकला सिडकोत राहतो, नोकरी अंबडला, आणि मामांचे येवल्याला दोन माग आहेत. तिथल्या पैठण्यांचे फोटो काढून इन्स्टा आणि व्हॉट्सॅपवर टाकायचं काम दीड वर्षापासून माझ्या गळ्यात आहे. साड्या विकल्या जातात, प्रश्न तो नाही, प्रश्न रंगाचा आहे. दिवाळीत दोन साड्या परत आल्या. एका ताईंनी लिहिलं की फोटोत जांभळी होती आणि घरी आली ती अंजिरी, मी म्हटलं अहो ती अंजिरीच आहे, खाली लिहिलंय पण तसं, तर म्हणे लिहिलेलं कोण वाचतं. बरोबर आहे त्यांचं.

मला वाटलं लॅपटॉपची स्क्रीन भिकार आहे म्हणून गेल्या महिन्यात २७ इंची आयपीएस मॉनिटर घेतला, खोक्यावर ९५ टक्के पी३ वगैरे लिहिलंय. आणि मग दोन संध्याकाळ बसून तो सेट केला. म्हणजे काय तर हॉलमध्ये मॉनिटरच्या शेजारी खरी साडी खुर्चीवर टाकली, स्क्रीनवर तिचाच फोटो लावला आणि मेनूतले लाल हिरवा निळा हे आकडे खालीवर करत बसलो, शेवटी लाल १००, हिरवा ९१, निळा ७८ ला दोन्ही इतके तंतोतंत जुळले की बायकोला बोलावून दाखवलं. मग त्या मॉनिटरवर तीस-पस्तीस फोटो एडिट करून टाकले.

आता गंमत बघा, तक्रारी कमी व्हायच्या तर वाढल्या! बायकोच्या फोनवर अंजिरी जांभळी दिसते, मामांच्या फोनवर सगळंच अंधारलेलं, आणि मोरपंखी तर दोघांकडे मेल्यासारखी. माझ्या मॉनिटरवर एकदम बरोबर. एक फाईल खाली जोडलीये, _डीएससी२३१७ नावाची, बघून सांगा. कॅलिब्रेट करायचं एक मशीन मिळतं म्हणे, ते घ्यावं का, की मॉनिटरच परत करू? परत करायला सहाच दिवस उरलेत.

मिसळप्रेमी_४२२
माझं स्पष्ट मत, मशीनबिशीनच्या नादी लागू नका. गिऱ्हाईक बघणार सात हजाराच्या फोनवर, उन्हात रिक्षात बसून, त्यात ब्राइटनेस वीस टक्के आणि स्क्रीनगार्डला तडा. तुम्ही घरी कितीही अचूक केलं तरी तिकडे जे दिसायचं तेच दिसणार. त्यापेक्षा व्हिडिओ कॉलवर साडी दाखवा, विषय संपला.

सातपूरकर
@बांगडीमोर राग मानू नको पण तू काय केलंस सांगतो. तराजूला पासंग होता, तर तो काढायच्या ऐवजी तू एका वांग्याचं वजन बरोबर येईपर्यंत मापच घासत बसलास. आता त्या मापाने जे जे मोजशील ते सगळं चुकणार.

तुझ्या हॉलमध्ये पिवळा एलईडी असणार, हो ना? ३००० केल्विनचा, घरोघरी तोच असतो. त्या उजेडात साडी पिवळट-तांबूस दिसते आणि शेजारची स्क्रीन निळी वाटते, म्हणून तू निळा ७८ पर्यंत खाली आणलास. स्क्रीन पिवळी झाली, साडी जुळली, बायको खूश. पण मग त्याच पिवळ्या स्क्रीनवर बाकीचे फोटो एडिट करताना तुझ्या डोळ्यांना जो पिवळेपणा खुपतो तो तू फोटोतून काढतोस. म्हणजे फाईलमध्ये निळा वाढतो. तो फोटो दुसऱ्याच्या फोनवर गेला की अंजिरीची जांभळी होणारच. मामांच्या फोनवरच्या अंधाराचंही तसंच, मॉनिटर कंपनीतून येतो तो शोरूममध्ये भपकेबाज दिसावा म्हणून ढणाढणा पेटवलेला असतो, त्यावर फोटो उजळ वाटतो म्हणून तू तो दाबतोस.

मॉनिटर परत करू नको, चांगला आहे. हे कर. मेनूत जाऊन फॅक्टरी रिसेट मार, दोन संध्याकाळी गेल्या तर जाऊ दे. मग व्हिविड, गेम, मूव्ही असले मोड बंद, डायनॅमिक कॉन्ट्रास्ट बंद, इको बंद, आजूबाजूच्या उजेडानुसार आपोआप कमीजास्त होणारं काही असेल तर ते बंद, आणि विंडोजमधलं नाइट लाइट बंद. हे शेवटचं लोक विसरतात, संध्याकाळी सात वाजता स्क्रीन आपसूक पिवळी होते आणि माणूस म्हणतो सकाळचे फोटो रात्री वेगळे का दिसतात. मेनूत एसआरजीबी नावाचा मोड असेल, असतोच बहुतेक, सध्या तो लाव. एसआरजीबी म्हणजे फोन, वेबसाइट सगळे जी साधी रंगपट्टी धरून चालतात ती. तुझा मॉनिटर पी३ वाला आहे, पी३ ही एसआरजीबीहून मोठी रंगपट्टी, म्हणजे फोनसाठीच्या साध्या फोटोला तो गरजेपेक्षा जास्त भडक दाखवतो, मग तू रंग उतरवतोस आणि तिकडे मोरपंखी मरते. नसला तसा मोड तर कलर टेंपरेचर ६५०० आणि गॅमा (मधल्या छटा किती उजळ-गडद दिसतात ते) २.२ एवढं तरी ठेव.

राहिला ब्राइटनेस. फोटोच्या कामाला पांढरा रंग साधारण १२० निट्सला (स्क्रीनच्या उजेडाचं माप) हवा, नवे मॉनिटर अडीचशे तीनशेवर जळत असतात. मोजायचा कसा? तुझ्याकडे कॅमेरा आहे ना, मग मीटर तुझ्याकडेच आहे. स्क्रीनवर कोरं पांढरं पान फुल स्क्रीन कर, खोलीतले दिवे घालव, कॅमेरा आयएसओ १००, ॲपर्चर ५.६ वर ठेव, फ्रेममध्ये फक्त पांढरंच येईल इतका जवळ जा आणि फोकस मुद्दाम बिघडव, नाहीतर पिक्सेलच्या जाळीच्या रेघा येतात. आता कॅमेऱ्याचं मीटर शटर किती मागतंय बघ. १/३० आलं की समज १२० च्या जवळ आलास, १/६० म्हणजे दुप्पट. लॅबमधली मोजणी नाही ही, पण अंदाजपंचे दाहोदरसे पण नाही.

सगळं करायच्या आधी मॉनिटर अर्धा तास चालू राहू दे. गार मॉनिटरचा रंग गरम झाल्यावर थोडा सरकतो.

बांगडीमोर
@सातपूरकर दादा, दंडवत. पिवळा एलईडीच आहे, तो पण एक नाही, फॉल्स सीलिंगमध्ये सहा. कॅमेऱ्याने मोजलं तर १/८० आलं!! म्हणजे तीनशेच्या वर होतं सगळं. ब्राइटनेस ९० वरून खाली आणत आणत २८ ला १/३० मिळालं. पहिली पाच मिनिटं वाटलं मॉनिटर आजारी पडला, बायको म्हणाली लाइट गेलेत का, पण आता सवय झाली आणि डोळे पण कमी चुरचुरतात.

मग विंडोजमध्ये कॅलिब्रेट डिस्प्ले कलर म्हणून आहे ते पण करून बघितलं. त्यात गोलात एक ठिपका दिसेनासा करायचा असतो, मग कोट घातलेला माणूस येतो त्याच्या मागचा फुलीचा एक्स जेमतेम दिसला पाहिजे, मग पांढऱ्या शर्टाच्या चुण्या आणि बटणं दिसली पाहिजेत, तिथपर्यंत जमलं. शेवटी राखाडी पट्ट्यांवर लाल हिरवा निळा सरकवायचे असतात तिथे मात्र दर वेळी वेगळंच उत्तर येतंय. चहा पिऊन आलो की आधीचा राखाडी गुलाबी दिसतो.

अजून एक विचित्र प्रकार, विंडोजच्या जुन्या फोटो व्ह्यूअरमध्ये कुठलाही फोटो उघडला की पांढरं पिवळं दिसतं, अगदी हळदीचं बोट लागल्यासारखं. तोच फोटो ब्राउझरमध्ये टाकला तर पांढरा. हा मॉनिटर जोडल्यापासूनच सुरू झालंय. एचडीएमआयमुळे असेल का?

नाशिकरोडची_ताई
एचडीएमआयमुळे नाही रे. एचडीएमआयचा घोटाळा वेगळा, त्यात ग्राफिक कार्ड मॉनिटरला टीव्ही समजून ० ते २५५ ऐवजी १६ ते २३५ एवढंच पाठवतं आणि काळं राखाडी दिसतं, धुकं पसरल्यासारखं. कार्डाच्या सेटिंगमध्ये फुल केलं की जातं. तुझं पांढरं पिवळं होतंय, ते प्रोफाइलमुळे. मॉनिटर जोडला की विंडोज त्याचा ड्रायव्हर उतरवून घेतं आणि त्याबरोबर कंपनीचं एक आयसीसी प्रोफाइल, म्हणजे हा मॉनिटर कुठला रंग कसा दाखवतो ते सांगणारी फाईल येते, ते प्रोफाइल कधीकधी इतकं वाईट असतं की फोटो व्ह्यूअर इमानदारीत ते वाचून पांढऱ्याला पिवळं करतो. सर्चमध्ये कलर मॅनेजमेंट टाईप कर, पहिल्याच टॅबमध्ये तुझा मॉनिटर निवड, यूज माय सेटिंग्जवर टिक कर, आणि ते कंपनीचं प्रोफाइल काढून एसआरजीबीचं लावून डीफॉल्ट कर. व्ह्यूअर बंद करून परत उघड. हळद जाईल. तू मॉनिटर एसआरजीबी मोडवर टाकला आहेस म्हणून हे चालतंय, नाहीतर हे पण खोटंच प्रोफाइल झालं असतं.

राखाडी पट्ट्यांचं म्हणशील तर ते डोळ्यांनी कुणालाच जमत नाही. मी अकरा वर्षं लग्नाचे अल्बम डिझाइन करतेय, मलाही नाही. डोळा दहा मिनिटांत समोरच्या पांढऱ्याला पांढरं मानून मोकळा होतो, मग ते निळं असो की पिवळं. ब्राइटनेस, काळं, पांढरं इथपर्यंत डोळ्यावर भागतं, पुढे मशीनच लागतं.

माझी फजिती सांगते. नवीन मॉनिटर आणला तेव्हा मी पण तुझ्यासारखाच तो फुल ब्राइटनेसला ठेवला होता, आणि त्यात माझ्या खोलीला पोपटी ऑइलपेंट, दुपारी खिडकीतून ऊन आलं की आख्खी खोली पोपटी. एका लग्नाचा बारा बाय छत्तीसचा अल्बम केला, हळदीची पानं इतकी सुंदर दिसत होती स्क्रीनवर. छापून आला तर नवरीचा चेहरा काळवंडलेला, आणि सगळ्यांच्या कातडीला लाली, कारण पोपटी उजेडात मला सगळं हिरवट वाटायचं आणि मी हिरवा काढत बसले होते. लॅबवाल्याशी भांडायला गेले. त्याने दुसऱ्याच्या अल्बमचं पान दाखवलं, त्याच दिवशी त्याच मशीनवर छापलेलं, व्यवस्थित होतं. गप घरी आले. आख्खा अल्बम पदरचे पैसे घालून परत छापून दिला आणि पुढच्या रविवारी भिंतीला राखाडी रंग दिला. सासूबाई अजून म्हणतात घर आहे की गोडाऊन.

तर मशीन. कलरीमीटर म्हणतात त्याला, मुठीएवढं असतं, यूएसबीला लावायचं आणि स्क्रीनवर लटकवायचं. स्क्रीनवर एकामागून एक रंगाचे चौकोन येतात, ते मशीन मोजतं आणि मागितलेला रंग आणि आलेला रंग यात फरक किती ते नोंदवतं. यात दोन कामं होतात आणि लोक दोन्हीची खिचडी करतात. एक म्हणजे कॅलिब्रेशन, पांढरा ६५०० ला, ब्राइटनेस १२० ला, राखाडीत लालनिळं काही नाही, असा मॉनिटर जागेवर आणणं. दुसरं प्रोफाइल, म्हणजे जागेवर आणूनसुद्धा हा मॉनिटर नेमका कुठला लाल किती लाल दाखवतो त्याची पत्रिका. फोटोशॉप, लाइटरूम ती पत्रिका वाचतात आणि त्याप्रमाणे रंग पाठवतात. जे सॉफ्टवेअर वाचतच नाही त्याला त्या पत्रिकेचा काडीचा उपयोग नाही.

डेटाकलरचं स्पायडर किंवा कॅलिब्राइटचं डिस्प्ले, दोन्ही चालतात. कॅलिब्राइट म्हणजे पूर्वीचं एक्स-राइट, २०२१ मध्ये फोटोवाल्यांची मशीनं या नावाखाली गेली. पण तू विकत घेऊ नको. महिन्यातून एकदा वीस मिनिटं लागणारी वस्तू आहे ती, आम्ही पाच जणांनी काँट्री काढून एक घेतलंय, सध्या माझ्याकडे आहे, येऊन घेऊन जा आणि रविवारी परत दे. कुणी ओळखीतलं दहा वर्षांपूर्वीचं देत असेल तर मात्र घेऊ नको, जुन्या मशीनचे आतले फिल्टर उतरतात, आणि हल्लीच्या मॉनिटरच्या बॅकलाइटची त्यांना ओळखच नसते. उतरलेल्या मशीनने कॅलिब्रेट करणं म्हणजे बंद पडलेल्या घड्याळात बघून गाडी पकडणं.

मिसळप्रेमी_४२२
ताई सगळं मान्य, पण माझ्या प्रश्नाचं उत्तर अजून कुणी दिलं नाही. गिऱ्हाइकाच्या फोनचं काय?

सातपूरकर
@मिसळप्रेमी देतो. समज शंभर गिऱ्हाइकं आहेत. कुणाचा फोन व्हिविडवर, कुणाचा नॅचरलवर, आयफोनवाल्याचं ट्रू टोन चालू, कुणाचं रात्रीचं पिवळं फिल्टर चालू. कुणाला थोडी निळी दिसेल, कुणाला थोडी तांबूस, पण बहुतेकांचे फोन एसआरजीबीच्याच आगेमागे घुटमळतात. तुझी फाईल मध्यावर असेल तर बहुतेकांना थोडा थोडाच फरक दिसेल. तूच जांभळ्याकडे सरकून बसलास तर ज्याचा फोन जांभळ्याकडे झुकलेला त्याला ती वांगी कलरची दिसणार आणि नेमका तोच साडी परत पाठवणार. सगळ्यांची स्क्रीन आपल्या हातात नाही म्हणूनच आपली तरी नीट पाहिजे. व्हिडिओ कॉलचं म्हणशील तर फोनचा कॅमेरा दर सेकंदाला व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरं कशाला मानायचं ते, बदलतो, लाल साडी पुढे धरली की मागची भिंत हिरवी होते, करून बघ.

शाईवाला
उशिरा आलो. मी ऑफसेट प्रेसमध्ये प्रीप्रेसला आहे, बावीस वर्षं झाली. नाशिकरोड म्हटलं की लोक विचारतात नोटा छापता का, नाही बाबा, आम्ही कॅलेंडरं आणि लग्नपत्रिका छापतो.

सगळे मॉनिटरवर तुटून पडलेत, बरोबरच आहे, पण @बांगडीमोर तुमच्या फाईलचं नाव कुणी नीट वाचलं नाही. _डीएससी२३१७. अंडरस्कोर पुढे आहे. निकॉनमध्ये साधी फाईल असेल तर डीएससी_२३१७ असं येतं, अंडरस्कोर मध्ये. तो पुढे आला म्हणजे कॅमेरा ॲडोबी आरजीबीवर, एसआरजीबीहून मोठ्या रंगपट्टीवर, ठेवलाय. कुणीतरी यूट्यूबवर सांगितलं असणार की त्यात रंग जास्त मावतात. मावतात, खरं आहे, पण ती फाईल वाचणाऱ्याला कळलं पाहिजे की हे आकडे ॲडोबीचे आहेत. व्हॉट्सॅपवरून दाबून पिळून गेलेल्या फोटोतून ती माहिती गळाली की समोरचा फोन तेच आकडे एसआरजीबीचे समजून दाखवतो आणि रंग उतरतो, सगळ्यात जास्त हिरवा आणि मोरपंखी. तुमची मोरपंखी मेली त्यात निम्मा हात याचा आहे. रॉमध्ये (कॅमेऱ्याची कच्ची फाईल) काढत असाल तर कॅमेऱ्यातल्या या सेटिंगने काही बिघडत नाही, एक्स्पोर्ट करताना एसआरजीबी निवडा आणि प्रोफाइल एम्बेड करा म्हणून टिक असते ती राहू द्या. थेट जेपीजी काढत असाल तर आजच कॅमेऱ्यात एसआरजीबी करा.

दुसरी गोष्ट उजेडाची. आमच्याकडे प्रूफ बघायला ५००० केल्विनचे दिवे लावलेली पेटी असते, डी५० म्हणतात, छापाई तपासायची ती त्याच उजेडात, बाहेर ट्यूबलाइटखाली नाही. कारण दोन रंग एका दिव्याखाली जुळतात आणि दुसऱ्याखाली नाही जुळत, पदर आणि ब्लाउजपीस दुकानात एक दिसतात आणि बाहेर उन्हात वेगळे, हे प्रत्येक बाईला माहितीये. स्वस्त एलईडीमध्ये लाल मुळात कमी असतो, अंजिरी, डाळिंबी, कुसुंबी हे सगळे लालाच्या घरचे, ते त्यात मातकट होतात. तिथे फोटो काढून पुढे हजार स्लायडर हलवले तरी जे प्रकाशातच नव्हतं ते येत नाही. खिडकीशी या, सकाळी, थेट ऊन नको, घरातले सगळे दिवे बंद, आणि पहिल्या फोटोत साडीवर ग्रे कार्ड, म्हणजे निव्वळ राखाडी रंगाचं कार्ड, ठेवा. त्या कार्डावर व्हाइट बॅलन्सचं ड्रॉपर टेकवलं की निम्मं एडिटिंग संपलं. बाकीच्या फोटोंना तेच लावा, प्रत्येक फोटोला वेगळं डोकं लावू नका.

आणि पैठणी ही तर महा खट्याळ. ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्या रंगाचा असला की धूपछाव, समोरून हिरवी, बाजूने निळी. मग खरा रंग कोणता? दोन्ही. अशा साडीचे दोन फोटो टाका, एक सपाट आणि एक घडीवरून तिरका. जरीचं पण तेच, जर आरशासारखी असते, तुम्ही लाल टीशर्ट घालून फोटो काढला तर काठ लाल होतो, हसू नका, माझ्या भाच्याने केलंय.

एक गोष्ट मात्र मशीन आणलं तरी सुटणार नाही. एसआरजीबी १९९६ मध्ये एचपी आणि मायक्रोसॉफ्टने आणलं तेव्हा समोर काचेचे फुगीर डबा मॉनिटर होते, त्यांना जेवढं दाखवता येत होतं तेवढंच त्यात बसवलं. निळा-हिरव्याच्या मधला जो कोपरा आहे तिथे ते सगळ्यात तोकडं आहे. मोरपंखी नेमकी तिथेच राहते. आमच्या छापाईतला निव्वळ सायन, म्हणजे हिरवट-निळी शाई, तीसुद्धा एसआरजीबीत पुरता मावत नाही, मग रेशमावरची मोरपंखी कुठून मावणार. तेव्हा अंजिरी जुळेल, मोरपंखी जवळ जाईल एवढंच. ते खाली शब्दात लिहा.

कॅटलॉग छापायचा विचार असेल तर वेगळा धागा काढा, तिथे जांभळ्याचं काय होतं ते सांगायला मला अर्धा दिवस लागेल.

बांगडीमोर
शाईवाले काका, तुम्ही गुप्तहेर आहात का हो. अगदी यूट्यूबवर बघूनच केलं होतं, आणि जेपीजीच काढतो मी. बदललं. काल ताईंकडून मशीन आणलं, चहा आणि चकली पण मिळाली, राखाडी भिंत बघितली.

डिस्प्लेकॅल वापरलं, फुकट आहे. ताईंनी बजावलं होतं की मूळ डिस्प्लेकॅल आता अपडेट होत नाही, पायथन ३ वाली आवृत्ती वेगळी आहे ती घे, तीच घेतली. ताई म्हणाल्या एसआरजीबी मोडमधून बाहेर ये, कारण त्यात आकडे हलवताच येत नाहीत, कुलूप असतं. यूजर मोडमध्ये मशीन लटकवलं तर पहिल्याच मापात कळलं की कंपनीतून आलेला पांढरा ६५०० नाही ७३०० च्या आसपास होता, म्हणजे निळाच. स्क्रीनवर तीन पट्ट्या येतात लाल हिरवा निळा, त्या मधल्या खुणेवर येईपर्यंत मॉनिटरच्या बटणांशी झटायचं. लाल १००, हिरवा ९५, निळा ८९ ला जुळलं. माझं ७८ किती लांब होतं बघा. ब्राइटनेस मशीनने ११४ दाखवला, कॅमेऱ्याच्या जुगाडाने मी २८ वर ठेवला होता तिथेच, दादा मानलं तुम्हाला, दोन पॉइंट वाढवून १२० केला. मग मशीन आपलं आपण रंग मोजत बसलं पाऊण तास, मध्ये मांजर टेबलावर चढलं आणि मशीन सरकलं म्हणून परत पहिल्यापासून. शेवटी डेल्टा ई, म्हणजे मागितलेल्या आणि आलेल्या रंगातला फरक, सरासरी ०.७ आणि जास्तीत जास्त २.१ आला, ताई म्हणाल्या १ च्या आत आलं की डोळ्याला कळत नाही, तीनपर्यंत आपल्या कामाला चालतं. व्ह्यूअरमधली हळद पण गेली.

मग आज सुट्टी काढून सकाळीच येवला गाठलं. मागाच्या खोलीत उजेड कमी म्हणून पुढच्या ओसरीवर पांढरी चादर टाकली, साडेनऊला, ऊन समोरच्या भिंतीवर होतं आणि ओसरीवर सावली. ग्रे कार्ड ठेवून तीच अंजिरी, तीच मोरपंखी, आणि एक धूपछाव दोन बाजूंनी. मी काळा शर्ट घालून गेलो होतो. घरी येऊन एकाच सेटिंगमध्ये तिन्ही केल्या, स्लायडरला फार हात लावला नाही, एसआरजीबीत काढून मामींच्या फोनवर पाठवल्या. मामींनी साडी दारात नेऊन फोनच्या शेजारी धरली म्हणे, आणि व्हॉइस मेसेज आला, अंजिरी हीच, पण मोरपंखी फोनमध्ये शिळी वाटते, काल तोडलेल्या पालकासारखी. म्हणजे काका म्हणाले तेच. तिच्याखाली लिहून टाकलंय की प्रत्यक्षात याहून गडद आणि हिरव्या-निळ्याकडे झुकणारी आहे, दिवसाच्या उजेडातला व्हिडिओ हवा असल्यास सांगा.

जुने पस्तीस फोटो काढून टाकतोय, त्यातले नऊ परत काढावे लागतील, बाकी साड्या विकल्या गेल्यात.

@नाशिकरोडची_ताई मशीन रविवारी सकाळी आणून देतो, घरी असाल ना? आणि परत कधी करायचं, महिन्याने?

नाशिकरोडची_ताई
हो, महिन्याने, आणि तू काम करतोस त्याच उजेडात, त्या सहा पिवळ्या एलईडीखाली नाही. एखादा साधा पांढरा दिवा टेबलामागे लाव, भिंतीकडे तोंड करून. अकराच्या आत ये, नंतर मला लग्न आहे त्र्यंबक रोडला. आणि मशीनच्या केबलला मागच्या बाजूने जे छोटं वजन असतं ते आठवणीने आण, मागच्या वेळी एकाने ते घरीच ठेवलं आणि आम्ही दोन महिने साबणाची वडी बांधून काम चालवलं.

मिसळप्रेमी_४२२
वजन माझ्याकडे होतं, सॉरी ताई 😬 बांगडीमोर भाऊ, ती अंजिरी केवढ्याला?